लाकूड निघून गेल्यावर

झाड पाडणं हे जंगलातलं सोपं काम. कुऱ्हाड होती तेव्हाही ते तासाभराचं होतं, आता यांत्रिक करवतीनं मिनिटांचं झालंय. खरी कसोटी त्यानंतर लागते. सहा मीटर लांबीचा, दीड मीटर घेराचा सागाचा ओंडका डोळ्यांपुढे आणा. ओला असेल तर वजन टनाच्या आसपास. तो आडवा पडलाय बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, उतारावर, सडकेपासून दोन-तीन किलोमीटर आत. तिथे त्याची किंमत शून्य. सडकेला लागला की किंमत सुरू होते, आगारात थप्पीला लागला की बोली लागते. जंगलाच्या धंद्यातला नफा, तोटा, लबाडी, अपघात, जनावरांचे हाल, सगळं या मधल्या दोन-तीन किलोमीटरांत घडतं. आणि त्या दोन-तीन किलोमीटरांबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. 'वृक्षतोड' या विषयावर शाळेपासून निबंध लिहून घेतात. 'वृक्षओढ' असा शब्दसुद्धा नाही.

माझं या विषयाशी नातं मामामुळे. मामा वनखात्यात वनरक्षक म्हणून लागला आणि वनपाल म्हणून निवृत्त झाला. बरीचशी नोकरी आलापल्ली, अहेरी, सिरोंचा या पट्ट्यात. आम्ही चंद्रपूरचे. सुट्टीत त्याच्याकडे जाणं व्हायचं, आणि बल्लारशाच्या लाकूड आगारात तर कधीही. आगारात गेलं की तो मला टेप धरायला लावायचा. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं. वर सांगितलेल्या ओंडक्याचं माप या रीतीनं 0.84 घनमीटर भरतं. वर्तुळाच्या हिशेबानं खरं माप निघतं 1.07. पाचव्या हिश्शाहून थोडं जास्तच लाकूड कागदावरून गायब. मी एकदा मोठ्या हुशारीनं हे मामाला दाखवलं तर म्हणाला, "बाबू, गोल लाकूड कोन विकत घेते? चौकोनी करताना सपल्या निघतेतच ना. ते आधीच वजा." सरकारी हिशेबात इतकी समजूतदार गोष्ट मी नंतर फारशी पाहिली नाही.

त्याच आगारात ओंडक्याच्या कापल्या तोंडावर हातोड्याच्या निशाण्या दिसतात. लोखंडी हातोड्याच्या डोक्यावर उलटी अक्षरं कोरलेली असतात, दाणकन मारला की लाकडात खोल ठसा उमटतो. कुठला कूप (म्हणजे तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा), कितवा नग, कुणाच्या ताब्यातला, हे सगळं त्यात आणि सोबतच्या रंगाच्या आकड्यात. मामा ओंडक्याभोवती एक चक्कर मारून सांगायचा की हा ओढत आणलेला आहे, हा बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, आलेला आहे. ओढून आणलेल्या लाकडाचं पुढचं टोक कडेनं तासून निमुळतं केलेलं असतं, म्हणजे ते जमिनीत रुतत नाही. खालच्या अंगाला साल पार घासून गेलेली, आणि त्या घासलेल्या पट्ट्यात बारीक खडी रुतून बसलेली. आरागिरणीवाले त्या खडीला फार शिव्या देतात, कारण पात्याचे दात तिथेच जातात.

विदर्भात शतकानुशतकं चाललेली पद्धत हीच. जवळ असेल तर बैलजोडीनं साखळीनं ओढायचं, लांब असेल तर बंडीवर. त्यासाठी बंडीची साटी, म्हणजे वरचा सांगाडा, काढून टाकतात, नुसती धुरा आणि चाकं राहतात. ओंडका दोन आडव्या बल्ल्यांवरून सब्बलीनं ढकलत वर चढवायचा. मला बंडीत सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते ती वजनाची. ओंडका असा बसवायचा की मागचं ओझं पुढच्यापेक्षा किंचितच कमी राहील. पुढे फार झालं तर बैलांच्या मानेवर येतं, मागे फार झालं तर जू वर उचललं जाऊन बैलांच्या गळ्याला फास बसतो. हे बोटभर अंतराचं गणित कुठल्या पुस्तकात नव्हतं आणि चुकलं तर जनावर मरत होतं.

बैलाची मर्यादा उघड आहे. चढ आला, नाला आला, घेर वाढला की बैल हरतो. तिथे हत्ती येतो. आणि हत्तीचं नाव घेतलं की ब्रह्मदेशात जावंच लागतं, कारण हत्ती आणि नदी या दोघांच्या जोडीवर एक अख्खा धंदा तिथे उभा राहिला. त्या धंद्याची मोठी कंपनी मात्र मुंबईची. 1863 साली मुंबईत 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' स्थापन झाली.

तिथली रीत अशी. ओला साग पाण्यावर धड तरंगत नाही. म्हणून झाड पाडायच्या आधी त्याला उभ्या उभ्या मारायचं. बुंध्याभोवती साल आणि तिच्या आतलं पांढरं लाकूड कापून एक पट्टा काढायचा, थेट गाभ्यापर्यंत. याला वनखात्यात गर्डलिंग म्हणतात. पाणी वर चढणं बंद. झाड पानं गाळतं आणि तसंच उभं वाळतं. साधारण तीन वर्षं त्याला हात लावायचा नाही. मग पाडायचं. तोवर वजन इतकं उतरलेलं असतं की ओंडका तरंगतो. त्याच्या एका टोकाला साखळी ओवायला आरपार भोक पाडायचं आणि हत्तीला जुंपायचं. हत्ती तो जवळच्या ओढ्यापर्यंत नेणार आणि कोरड्या पात्रात टाकून देणार. हत्तीचं काम इथे बहुतेक संपलं.

पुढचं काम पावसाचं. ओढ्याला पूर आला की ओंडके उठतात, मोठ्या नदीला लागतात. वाटेत कुठे खडकांत एखादा आडवा अडकला की मागचे शेकडो त्याच्यावर चढून बसतात. ते कोंडाळं फोडायला पुन्हा हत्ती, यावेळी पुराच्या पाण्यात उतरून. कुठला ओंडका ओढला की बाकीचे सुटतील हे जुन्या हत्तींना कळतं असं माहूत सांगत. सुटल्यावर मात्र हत्तीनं आणि माणसानं क्षणात बाजूला व्हायचं. मोठ्या पात्रात आले की ओंडके वेलांनी आणि वेतांनी बांधून तराफे करायचे, तराफ्यावरच झोपडी, चूल, कुटुंब, आणि इरावतीवरून रंगूनकडे. एखाद्या वर्षी पाऊस कमी पडला तर लाकूड ओढ्यात तसंच पडून पुढच्या वर्षाची वाट बघायचं. गर्डलिंग केल्यापासून रंगूनच्या गिरणीत पोचेपर्यंत पाच वर्षं सहज जात. आज पैसे गुंतवून पाच वर्षांनी पावसाच्या भरवशावर परत मिळवायचे, हे ऐकून कुठल्याही आजच्या हिशेबनिसाला भोवळ येईल.

या पद्धतीत वाटेत ओंडके मोजायचे आणि त्यावर ब्रह्मदेशच्या राजाचा कर द्यायचा. मोजणीवरूनच भांडण पेटलं. निंग्यानच्या जंगलातून कंपनीनं काढलं एक आणि दाखवलं दुसरं, असा मंडालेच्या दरबाराचा आरोप होता. 1885 मध्ये दरबारानं तब्बल 23 लाख रुपयांचा दंड ठोकला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. फ्रेंचांची भीती होती, मंडालेतल्या राजकारणाचाही कंटाळा होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आगबोटी इरावतीनं वर गेल्या, ज्या नदीनं लाकूड खाली यायचं त्याच नदीनं, आणि पंधरवड्यात राज्य संपलं. थिबा राजाला आधी मद्रासला आणि मग 1886 मध्ये रत्नागिरीला आणलं. 1910 मध्ये त्याच्यासाठी बांधलेला वाडा आपण शाळेच्या सहलीत बघतो, समुद्राकडे तोंड केलेला. 1916 मध्ये तो तिथेच गेला. ओंडक्यांच्या मोजणीवरून राज्य गेलेला दुसरा राजा माझ्या तरी माहितीत नाही. वाड्यातला मार्गदर्शक राजाच्या राण्यांबद्दल, माणकांबद्दल पुष्कळ सांगतो. लाकडाबद्दल त्यानं एक वाक्य बोलावं असं मला फार वाटत होतं.

हत्तीकडे परत येऊ, कारण त्याच्याबद्दल हल्ली फार गोड लिहिलं जातं. हत्ती म्हणजे धूर न सोडणारं, डिझेल न पिणारं, रस्ता न मागणारं यंत्र. यातलं रस्ता न मागणारं हे शंभर टक्के खरं आहे आणि त्यावर मी पुढे येणारच आहे. पण यंत्र? पकडलेल्या रानहत्तीला माणसाळवताना त्याला खांबांच्या चौकटीत जखडून, उपाशी ठेवून, न झोपू देऊन त्याची रग मोडत. ब्रह्मदेशातल्या छावण्यांत पुढे पुढे तिथेच जन्मलेली पिल्लं तयार करू लागले, पण आईपासून तोडायचा तो दिवस काही प्रेमाचा नसे. त्यानंतरचं आयुष्य मात्र बऱ्यापैकी नेमाचं होतं, हेही सांगायला हवं. सतरा-अठराव्या वर्षापर्यंत हलकं काम, मग भर उमेदीची वर्षं ओढकाम, पन्नाशीच्या पुढे निवृत्ती. भर उन्हाळ्यात काम बंद. रोज संध्याकाळी पायात साखळदंड आणि गळ्यात लाकडी घंटा घालून जंगलात चरायला सोडून द्यायचं, सकाळी माहुतानं घंटेच्या आवाजावरून शोधून आणायचं. हत्तीला दिवसाला दीड-दोनशे किलो चारा लागतो. तो त्याचा तोच जंगलात खात होता म्हणूनच हा धंदा परवडत होता. हत्तीला आयतं खाऊ घालावं लागलं असतं तर कंपनी पहिल्या वर्षी बुडाली असती.

मामाच्या नोकरीच्या मुलखात, कमलापूरला, वनखात्याचे हत्ती होते आणि आहेत. एकेकाळी ते सागाचे ओंडके ओढत. मी लहानपणी पाहिले तेव्हा ओढकाम जवळपास थांबलं होतं. मामाचं हत्तींबद्दलचं मत अगदी रुक्ष होतं. "हत्ती चांगला, पण हत्तीसोबत माहूत लागते, चाराकटर लागते, आन् तिघाईची तब्येत एकाच दिवशी ठीक राहा लागते." त्याच्या बोलण्यात आकस नव्हता. माहूत आजारी पडला की दुसऱ्याचं न ऐकणारा हत्ती त्यानं पाहिला होता, मस्तीला आलेला हत्ती महिनो न् महिने बांधून ठेवलेला पाहिला होता, आणि कूप मात्र पावसाच्या आत मोकळा करायचा असे. हत्तीवाल्या गोष्टींत हे दिवस नसतात.

हत्तीचं काम कसं संपलं हीसुद्धा विचित्रच कथा. आपल्याकडे ईशान्येत डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशानं तोड आणि लाकडाची राज्याबाहेरची वाहतूक थांबली. जंगलाच्या दृष्टीनं मोठा दिलासा. आसाम, अरुणाचलातले ओढकामाचे हत्ती मात्र एका दिवसात बेकार. म्यानमारनं 2014 मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, पुढे वर्षभर तोडच थांबवली, आणि तिथेही हजारो हत्ती आणि त्यांचे माहूत रिकामे झाले. त्यांना सोडावं कुठे, खाऊ काय घालावं, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. कमलापूरला आता लोक हत्ती बघायला जातात. 2022 मध्ये गडचिरोलीतले हत्ती गुजरातेत हलवायचं ठरलं तेव्हा गावकरी विरोधात उभे राहिले. ज्या जनावरानं ओढलेल्या लाकडातून गावाला फार काही मिळालं नाही, त्या जनावरासाठी गाव भांडलं, याचं मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं.

नदीनं लाकूड नेण्याची रीत गोदावरीच्या खोऱ्यातही होती. अहेरीच्या जंगलातला साग प्राणहितेतून गोदावरीला लागायचा आणि खाली आंध्रात उतरायचा. त्याच वरच्या गोदावरीत आगबोटी चालवायची स्वप्नं इंग्रजांनी 1860 च्या दशकात पाहिली, खडकांवर बरेच पैसे खर्चले आणि नाद सोडला. ओंडक्याला ते खडक चालत होते. आगबोटीला चालले नाहीत. हिमालयात फ्रेडरिक विल्सन नावाच्या इंग्रजानं हर्सिलला ठाण मांडून देवदाराचं लाकूड भागीरथीत सोडलं आणि खाली रेल्वेला विकून गडगंज झाला. आगगाडीच्या स्लीपरांची भूकच तशी होती.

नदी फुकट होती असं म्हणतात, ते मला पटत नाही. ओंडक्यांच्या माऱ्यानं काठ खचायचे, सालींचा थर तळाशी कुजायचा, कित्येक ओंडके बुडून कायमचे जायचे. वाटेत चोरीला जायचे ते वेगळेच, हातोड्याची निशाणी तासून काढली की झालं. पण एक खरं की पुढच्या पावसात नदी पुन्हा नदी असायची. स्वीडनमध्ये ही पद्धत सगळ्यात उशिरापर्यंत टिकलेल्या नद्यांपैकी एक क्लारेल्व. तिथे 1991 मध्ये शेवटचे ओंडके सोडले. त्यानंतर तेच लाकूड ट्रकनं जाऊ लागलं. धरणं आणि सडका आल्या की नदी या कामातून आपोआप सुटते.

रुळांची पद्धत मला इंजिनिअरांच्या हट्टाची गोष्ट वाटते. केरळात परंबिकुलमच्या जंगलातून चालकुडीपर्यंत कोचीन संस्थानानं 1907 मध्ये ट्रामगाडी सुरू केली. लांबी जवळपास 80 किलोमीटर, सगळा मार्ग डोंगर-दऱ्यांतून. जिथे उतार फारच तीव्र तिथे इंजिन चालणार नाही. मग दोन डब्यांना एकाच पोलादी दोराची दोन टोकं बांधायची, दोर वरच्या चाकावरून फिरवायचा. लाकडानं भरलेला डबा उतरताना रिकाम्या डब्याला वर ओढून घेतो. कोळसा नको, वाफ नको, फक्त ब्रेकवर बसलेला माणूस डोळ्यांत तेल घालून पाहिजे. ही युक्ती वाचली तेव्हा मी दिवसभर येईल त्याला कागदावर काढून दाखवत होतो. इतकी सुंदर युक्ती असूनही ट्राम शेवटी पांढरा हत्तीच ठरली. तिचा खर्च झेपेना आणि 1963 मध्ये ती बंद झाली. जाता जाता तिनं एक काम केलं होतं, जे बैलानं, हत्तीनं, नदीनं केलं नव्हतं. तिनं जंगलात एक कायमची चीर पाडली होती, आणि त्या चिरेला लागून तोड आत आत सरकली.

डांगातही थोडं तसंच. 1842-43 च्या सुमारास इंग्रजांनी भिल्ल राजांकडून जंगलाचे मक्ते घेतले, मुंबईच्या गोदीला साग हवा होता. पुढे गायकवाडांनी बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत छोटी रेल्वे नेली. सापुताऱ्याला जाताना ज्यांनी ती डुगडुगती गाडी पाहिली असेल त्यांना ती गंमत वाटते. ती गमतीसाठी बांधलेली नव्हती.

आता यंत्रं. आपल्याकडे ट्रॅक्टर आणि ट्रक, बाहेर स्किडर आणि फॉरवर्डर. स्किडर ओंडके ओढतो, फॉरवर्डर पाठीवर घेऊन येतो. ओढण्यापेक्षा पाठीवर घेणं जमिनीला बरं, पण भरलेल्या फॉरवर्डरचं वजनच तीसेक टनांपर्यंत जातं. त्या वजनाखाली माती दडपली जाते. मातीतली हवेची आणि पाण्याची जागा नाहीशी होते, पावसाचं पाणी मुरत नाही, वरूनच धावतं, आणि तिथे रोप धरत नाही. यातली मेख अशी की नुकसान चाकांच्या खेपांच्या हिशेबात वाढत नाही. बहुतेक सगळं पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच होऊन जातं. म्हणजे 'सगळीकडे थोडं थोडं फिरू, कुठेच फार नको' हा भला वाटणारा विचार सपशेल चुकीचा. एकाच वाटेनं शंभरदा जा आणि बाकीचं जंगल सोडून द्या, हे बरोबर. जर्मनीत याच कारणानं 20 ते 40 मीटर अंतरावर आखलेल्या ठराविक वाटाच यंत्राला मोकळ्या असतात, त्याबाहेर चाक टाकायचं नाही. तोडलेल्या फांद्या त्या वाटेवर अंथरतात आणि यंत्र त्या गादीवरून चालतं. स्वीडन-फिनलंडात जमीन गोठली की काम करतात. गोठलेली जमीन दडपली जात नाही. अलीकडे हिवाळे आखडत चाललेत आणि ती सोयही कमी होतेय.

आमच्याकडे गोठत नाही, पण कोरडं पडतं. दिवाळीनंतर कूप सुरू करायचा आणि मृगाच्या आत लाकूड बाहेर काढायचं, हा जुना नेम त्यासाठीच. ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर घातला तर चाकाच्या चाकोऱ्या पुढच्या पावसात ओहोळ होतात. मामा याला 'टायरचा नाला' म्हणायचा. असे नाले त्यानं मला दाखवले होते, गुडघाभर खोल, दोन समांतर, मधे गवताची पट्टी.

या सगळ्यात मला आवडती पद्धत कुठली म्हणाल तर तार. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडच्या डोंगरांत ही सर्रास आहे. वर सडकेवर एक लोखंडी मनोरा, खाली दरीत एखादं भक्कम झाड, दोघांमध्ये पोलादी तार ताणलेली. तारेवरून एक कप्पी धावते, ती ओंडक्याचं एक टोक किंवा अख्खा ओंडका उचलून वर आणते. यंत्र जंगलात शिरतच नाही. चाक नाही, चाकोरी नाही, उभ्या उतारावरही माती जागच्या जागी. खर्च जास्त, तार लावायलाच अर्धा-एक दिवस जातो, आणि तुटली तर माणूस मरतो. युरोपात घोडेही परतलेत. विरळणीचं, म्हणजे दाट झालेली झाडं विरळ करताना निघणारं, छोटं लाकूड यंत्राच्या वाटेपर्यंत आणायला घोडा, पुढे यंत्र. हेलिकॉप्टरनंही लाकूड काढतात, पण ते ज्यांच्याकडे पैसे जिरवायला जागा नाही त्यांनी करावं.

पद्धतींची तुलना करणारे लोक सहसा दर टनामागे खर्च, दर दिवसाला किती घनमीटर, माती किती दडपली असे रकाने मांडतात. ते मांडावेतच. पण मला वाटतं एक रकाना त्यात नेहमी सुटतो. लाकूड निघून गेल्यावर काय उरतं? बैलाची वाट दोन पावसाळ्यांत बुजते. हत्तीची तर शोधूनही सापडत नाही. तार काढली की तार होती हे सांगावं लागतं. सडक मात्र उरते. डोंगरातल्या तोडीनं जी माती वाहून जाते तिच्यातली बरीचशी तोडलेल्या जागेवरून नव्हे, ट्रकसाठी कापलेल्या सडकांवरून जाते, हे वनशास्त्रातलं जुनं ज्ञान आहे. आणि माती ही एक गोष्ट झाली. सडकेवरून एकदा ट्रक आत गेला की मग दुसराही जातो, आणि तो लाकडाचाच असेल असं नाही. आलापल्ली–एटापल्ली रस्त्यावर आज उभं राहिलात तर लाकडाचा ट्रक दिसायला वाट बघावी लागेल. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक मात्र एकामागून एक, लाल धुरळा उडवत.

म्हणून बैल, हत्ती, नदी यांच्याबद्दलचा माझा जिव्हाळा भावनेचा कमी आणि या रकान्याचा जास्त आहे. हत्तीला पुन्हा जुंपावं असं मला मुळीच वाटत नाही. नद्या तर आता धरणांनी अडलेल्या. राहता राहिले बैल आणि तार. सपाटीवर बैल, उतारावर तार, आणि जिथे सडक करावीच लागेल तिथे कूप संपला की ती खणून, आडवे चर मारून, बी टाकून बंद करायची. परदेशात असे जंगलरस्ते रीतसर बंद करतात. खर्च धरूनच ठेवलेला असतो.

हे सगळं मी मागच्या दिवाळीत मामाला ऐकवलं. तो आता चंद्रपुरात असतो, कान थोडे गेलेत, म्हणून मोठ्यानं ऐकवलं. त्यानं शांतपणे चकली संपवली.

"रस्ता बंद करशील. मंग पुढच्या खेपेले लाकूड काय डोक्शावर आनशील?"

"पुढची खेप साठ-ऐंशी वर्षांनी, मामा. साग आहे तो. तेव्हाचं तेव्हा बघतील."

"आन् विरळणी? ते काय तुहा बाप करीन? दहा-दहा वर्सांनी लागते ते."

विरळणीचं मी विसरलोच होतो. बल्ल्या निघतात त्यात, हाताच्या जाडीच्या, मांडीच्या जाडीच्या. मी म्हटलं, त्याला बंडी चालेल की.

"चालन ना," मामा म्हणाला. "बैल कोनाकडे हायेत ते सांग आधी."

मग त्यानं बोटावर गावं मोजायला सुरुवात केली, कुठे अजून ओढकामाची जोडी मिळेल याची, आणि तिसऱ्या गावावर त्याचं आणि मामीचं भांडण लागलं, कारण तिच्या मते त्या घरच्यांनी परवाच बैल विकून ट्रॅक्टर घेतला होता.